मानीबाईची पात

लोहारा, यवतमाळ
६ डिसेंबर २०२४

तीर्थरूप शकूआत्यास,
अर्पिताचा सा. न. वि. वि.

सोबत शेवटचं प्रकरण आहे. अंकुर पहाटे कारखान्यात गेला की मी शिलाई मशीनवर झाकण घालते आणि त्या झाकणावर कागद मांडते. ही अख्खी कादंबरी तिथेच झाली. रविवारी बसस्टँडवर जाऊन बसते आणि कोणत्या जोडप्यात कोण कोणाची पिशवी धरतं ते बघते. अंकुर म्हणतो, लोक बस पकडायला जातात, तू नायक पकडायला जातेस. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्रं लिहावी लागतात, याचं मला आता वाईट वाटत नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरतं बोलू द्यायची नाहीस.

आत्या, अडचण आली आहे. आपली यमुना, नवऱ्याने टाकलेली, माहेरी ब्लाउज शिवून पोट भरणारी, शेवटी एकटी बसमध्ये बसते आणि त्या मोटार वाइंडिंगवाल्याच्या गावी जाऊन त्याला स्वतः विचारते, असं मी लिहिलं आहे. प्रकाशकांचा फोन आला की हे चालायचं नाही. बाईने दारात बसावं, नायकाने चार वडीलधारी माणसं घेऊन यावं, वाचकांना तेच आवडतं. शेवट बदला, नाहीतर हस्तलिखित परत न्या, असं त्यांचं म्हणणं आहे.

मी दोन रात्री नुसती कूस बदलत होते. मग ठरवलं, निकाल तुझ्या शेतातल्या बायांनी द्यावा. दुपारी कापूस वेचणाऱ्या बाया भाकर खायला बसल्या की तू वाचतेस, आणि ऐकू येत नसल्यामुळे त्यांच्या तोंडाकडे बघतेस. चावणं थांबलं की प्रकरण पास, चालू राहिलं की नापास. या परीक्षेने मला आजवर फसवलेलं नाही. यमुना दुकानाच्या पायरीवर चढते तिथे चावणं थांबलं, तर मी एक अक्षर बदलणार नाही. नाही थांबलं, तर प्रकाशक म्हणतात तसं करीन आणि पुन्हा कुरकुर करणार नाही.

हे वेड लावलंस तूच. राळेगावच्या रद्दीवाल्याकडून तू कादंबऱ्या आणायचीस, त्यांची मागची पानं गेलेली असायची, आणि शेवट तू चुलीपाशी बसून स्वतःच्या मनाने सांगायचीस. तुझ्या शेवटांत सगळ्या नायिका घरी परत यायच्या आणि सगळ्यांना जेवायला वाढायच्या. सुट्टी संपेपर्यंत मी तुझ्याशी भांडायचे. आजही माझी सगळ्यात आवडती पुस्तकं तीच, बिनशेवटाची.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, निकाल काहीही लागला तरी तो आटू देऊ नये.

तुझी,
अर्पिता


पिंपळशेंडा, ता. राळेगाव
१५ डिसेंबर २०२४

चि. अर्पितास,
शकूआत्याचे अनेक आशीर्वाद.

कागद पोचले. थंडी मरणाची आहे. तुरीच्या शेंगा भरत आल्या आणि रानडुकरांना आमच्या आधी कळलं. वेचणी दुसऱ्या फेरीवर आहे, बाया आठ येतात, प्रत्येकीला कपाशीच्या ओळींची आपापली पात. गुडघा आहे तसाच आहे, तेलाने तो ऐकत नाही. माझ्यावरच गेला आहे.

या आठांतल्या मानीबाईचं तुला सांगायचं राहून जातं. पलीकडच्या शेतातल्या भगवानरावाची बहीण, नवऱ्याने दुसरी केली म्हणून पंधरा वर्षं भावाच्या घरी आहे. तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारी. आर्णीकडचा बबनराव म्हणून एक विधुर गडी मेटाडोर घेऊन कापूस न्यायला येतो. सगळ्यांची गाठोडी तो भराभर तोलतो, मानीबाईचंच गाठोडं काट्यावर फार वेळ राहतं. मी एकदा विचारलं की बाबा, काटा बिघडला की काय, तर कानापर्यंत लाल झाला. तू बसस्टँडवर कशाला जातेस, इथे ये.

हल्ली आम्ही वाचायला बसलो की भगवानरावही मधल्या बांधावर, धुऱ्यावर येऊन तंबाखू मळत उभा राहतो. माणूस वाईट नाही, पण बहिणीच्या बाबतीत कडू आहे. विहीर आमची दोघांची एकच, हे तुला माहीत आहेच.

आता निकाल. शेवट वाचून झाला. चावणं थांबलं नाही. एकीचंही नाही. मानीबाई तेवढी भाकर खाली ठेवून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, मी आपली मान हलवली. तेव्हा बाई, प्रकाशक म्हणतात तसं कर. ते काही वेडे नाहीत. यमुनेला घरी बसव, तो येईल.

आमच्या जावयाला, अंकुरला आशीर्वाद. लोभ करत राहावा, आत्या म्हातारी झाली म्हणून त्यात काटछाट करू नये.

तुझी,
शकूआत्या


पिंपळशेंडा
१८ डिसेंबर २०२४

अर्पिताताईले,
मानीबाईचा नमस्कार.

मी सातवीपर्यंत शिकली, लिवणं सुटलं, म्हणून चुकलं तं समजून घ्या. पत्ता आत्याबाईच्या पाकिटावरून घेतला. त्याईले सांगतलं नाई.

आत्याबाईनं शेवट वाचला. यमुना बसस्टँडवरून वापस येते आन् ओट्यावर बसते. मंग एक दिवस तो मोटारवाला तिच्या भावासंग येते, आन् यमुना सगळ्याईले जेवाले वाढते. बाया जेवून राह्यल्या होत्या, त्या जेवतच राह्यल्या. मी म्हटलं, हे अर्पिताताईचं नोय. आत्याबाईले ऐकू नाई आलं, त्याईनं मान हलवली.

मी काहून म्हटलं ते सांगते. तिसऱ्या प्रकरणात यमुनेची चप्पल तुटते. मोची यायचा असते, पण यमुना वाट पाह्यत नाई, सोताच तार ओवून चप्पल शिवते आन् चालाले लागते. मंग अशी बाई ओट्यावर बसून कोणाची वाट पाह्यते काय? तुमी असं लिवलं नसन. लिवलं असन तं मले तसं कळवा, मी मनातून काढून टाकीन.

मले हे काहून पाह्यजे, तेही सांगते. एका माणसाले एक गोष्ट विचाराची हाय. त्याचं गाव दूर हाय. तो सोता विचारणार नाई, माह्या भावाले भेते. भाऊ म्हणते, घरात भाकर भेटते ना, मंग अजून काय पाह्यजे. मी रोज सकाळी ठरवते आन् रोज संध्याकाळी वापस घेते. सक्रांतीच्या आंधी मले माह्या मनाचं पक्कं कराचं हाय. म्हणून यमुनेनं खरं काय केलं, ते मले लिवा. भेऊ नका, मी लहान नाई.

माया असू द्या. पत्र आत्याबाईच्याच पत्त्यावर पाठवा, आमच्या घरी पहिले भाऊ फोडते.

मानीबाई


लोहारा, यवतमाळ
२३ डिसेंबर २०२४

मानीबाईंस,
अर्पिताचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी मशीनपाशी किती वेळ बसून राहिले कोण जाणे, डाळ करपली. तुम्ही म्हणता ते खरं आहे. तो शेवट माझा नाही.

यमुना परत फिरत नाही. बसमधून उतरते, त्याचं दुकान विचारत विचारत जाते. दुकानात दोन गिऱ्हाइकं असतात. ती गिऱ्हाइकं जायची वाट यमुना बघत नाही. त्यांच्यासमोरच त्याला विचारते की, यापुढे दोन माणसांचा स्वयंपाक करायचा माझा विचार आहे, तुमचा काय आहे? त्याच्या हातातली तांब्याची तार सुटून पार रस्त्यापर्यंत गडगडत जाते. मग तो हो म्हणतो.

आता एक खरं सांगते, कारण तुम्ही खरं मागितलं आहे. तो हो म्हणतो, कारण लिहिणारी मी आहे. त्याला दुकानात मी बसवलं, त्याच्या तोंडात शब्द मी घातला. तुमच्या माणसाला मी कुठे बसवू शकत नाही. तो घरी नसेल, घाबरेल, नाहीही म्हणेल. हे पत्र टाकू की नको, यावर माझा जीव वरखाली झाला. तुमचं काही वाईट झालं तर मी कोणत्या तोंडाने पुढची कादंबरी लिहू? पण बसमधून उतरताना यमुनेलाही माहीत नसतं तो काय म्हणेल ते. मी ते तिला सांगितलेलं नाही. तरी ती उतरते. एवढंच माझ्या हातात होतं आणि ते मी बदलणार नाही. प्रकाशकांना आज सकाळीच तसं कळवून टाकलं. त्यांनी हस्तलिखित परत पाठवलं तर दुसरं दार ठोठावीन, तेही बंद झालं तर तिसरं.

आर्णीला जायचं तर यवतमाळला बस बदलावी लागते. वाटलं तर चहाला या. नाही वाटलं तर सरळ पुढे जा, मी रागावणार नाही.

माया आहेच. तुम्ही मला माझी यमुना परत दिलीत, हे विसरणार नाही.

आपली,
अर्पिता


लोहारा, यवतमाळ
२३ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

या पाकिटात एक बंद चिठ्ठी मानीबाईंसाठी आहे. ती उघडू नकोस आणि उघडलीस तरी बदलू नकोस.

आत्या, रद्दीतल्या पुस्तकांना पानं नव्हती, म्हणून तू शेवट जोडायचीस. माझ्या पुस्तकाला पानं होती. मला फार राग आला आहे आणि मी तो लपवणार नाही. तुझ्या एका निकालावर मी वर्षभराचं काम फिरवायला निघाले होते, कारण त्या परीक्षेवर माझा विश्वास होता, म्हणजे तुझ्यावर होता. भगवानराव धुऱ्यावर उभा होता आणि विहीर एक आहे, हे मला समजतं. पण यमुनेने मान खाली घालावी म्हणून मी तिला लिहिलेलं नाही, आणि तूही आयुष्यात कधी घातली नाहीस.

शेवट पुन्हा वाच. लिहिला आहे तसा वाच. भगवानरावाला ऐकू जाईल असा वाच.

रागात असले तरी लोभ जागच्या जागी आहे, तुझाही असू दे.

तुझी,
अर्पिता


पिंपळशेंडा, ता. राळेगाव
६ जानेवारी २०२५

चि. अर्पितास,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. भाचीने आत्याला झापलं, आत्याला ते लागलं, आणि आत्या गप्प बसली, हे तू आयुष्यात पहिल्यांदाच बघते आहेस. चिठ्ठी न उघडता मानीबाईच्या हातात दिली.

गुरुवारी सकाळी बाया आल्या, मानीबाई आली नाही. सातच्या बसने गेली म्हणून एकीने हाताने खूण केली. भगवानराव धुऱ्यावर येऊन हात नाचवू लागला. मी कानाला हात लावून ऐकू येत नाही म्हटलं. माझ्या बहिरेपणाचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला. तो काय ओरडत होता ते मला न ऐकताही कळत होतं. पोरी, मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. त्याने पाणी अडवलं तर माझा गहू जाईल. पण ती विहीर निम्मी माझी आहे, आणि भांडायचंच तर मला फक्त बोलायचं आहे, ऐकायचं त्याला आहे.

दुपारी मी शेवट वाचला. उभी राहून, मोठ्याने, तू लिहिलास तसा. यमुना पायरी चढली आणि सगळ्यांचं चावणं थांबलं. एकीचा घास तर हातातच राहिला, कुत्र्याने नेला तरी तिला कळलं नाही. भगवानराव धुऱ्यावरून हलला नव्हता, आणि तंबाखू मळणारा त्याचा अंगठाही थांबला होता. मग तो पाठ फिरवून निघून गेला.

संध्याकाळी सगळ्यांच्या पाती वेचून झाल्या, मधे मानीबाईची तेवढी पांढरी उभी होती. बायांनी खूण केली, उद्या बघू. मी कापूस वेचायची ओटी कमरेला बांधली आणि तिची पात धरली. गुडघ्याने शिव्या दिल्या, मी ऐकल्या नाहीत.

काल मेटाडोर आला. पुढच्या सीटवर बबनरावाच्या शेजारी मानीबाई होती. पिशवी तिची, पण मांडीवर त्याच्या होती, एका हाताने धरलेली, आणि दुसऱ्या हाताने तो गाडी चालवत होता, मेला. ती उतरली, आपल्या पातीकडे बघत राहिली आणि कोणी वेचली म्हणून विचारलं असावं, कारण सगळ्या बायांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग तिने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. पण या वेळी मी मान हलवली नाही. तिला म्हटलं, पुन्हा बोल, हळू बोल, माझ्याकडे बघून बोल.

ती म्हणाली की शेवट मी अजून ऐकलेलाच नाही, वाचा.

मी तिला तिच्या पातीच्या टोकाशी बसवलं आणि तिच्या एकटीसाठी तुझं प्रकरण वाचलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. बबनराव काटा हातात घेऊन उभाच होता. कापूस तोलायचं तो विसरून गेला, आणि मीही त्याला आठवण केली नाही.

पुढची कादंबरी कधी पाठवतेस? लोभ आहे तो आहेच, आता त्यात विश्वासही परत घालावा.

तुझी,
शकूआत्या