मान वळवून बघा

३ जून २०२४
मुलुंडला तेजलला रिव्हर्स शिकवत होते. "नुसत्या आरशावर जाऊ नकोस, मान वळवून मागे बघ." तिने बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही कधीच वळवत नाही." सोळा वर्षं गाडी शिकवतेय.

४ जून
सकाळी मानेचं लाकूड. दहापर्यंत हिंडले-फिरले की सुटते. हाडांचे डॉक्टर म्हणतात, वय झालं, उशी बदला. घरात आता पाच उशा. मान एकच.

९ जून
आमचे नंदकुमार फार उत्साही नवरे. ठाण्यात कुणीतरी मान कडकन मोडून मोकळी करतो म्हणे. गेलो. गर्दीमुळे नंबर लागला नाही. "तुझं नशीबच फुटकं," म्हणाला.

२१ जून
कोपरावरच्या सोरायसिसचं मलम संपलं म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे. त्यांनी सहज विचारलं, "सकाळी कुठे आखडतं का?" चौदा वर्षांत त्यांना मानेचं बोलले नव्हते — मान काय त्वचा आहे? चिठ्ठी दिली. संधिवाताच्या डॉक्टरकडे जा.

२ जुलै
एमआरआय बघून डॉ. गार्गी म्हणाल्या, सोरायसिसचाच संधिवात, मानेच्या मणक्यांत उतरलाय. "कुणाकडून मान मोडून नाही ना घेतलीत? अशा मानेला झटका म्हणजे—" नंदकुमार पंख्याकडे बघत बसला.
नेहमीच्या गोळ्या कण्याला फारशा लागू पडत नाहीत. इंजेक्शनं घ्यायची. त्यांनी लपलेला टीबी उठू शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी.
घरी आले तर आई — गेल्या वर्षी मालवणहून आमच्याकडे राहायला आली — म्हणाली, "खोबरेल लाव आणि गप रव."

१२ जुलै
टीबी नाही. पहिलं इंजेक्शन. पोटावर, आपलं आपणच. मी टोचलं, डोळे नंदकुमारने मिटले.

२५ ऑक्टोबर
मान वळली! खांद्यापर्यंतच, पण वळली. मागे रिक्षावाला शिव्या घालत होता. दोन वर्षं नुसत्या ऐकत होते, आज तोंड दिसलं. तेजल कधीच लायसन घेऊन गेली. सांगायचं कुणाला?

२७ ऑक्टोबर
आईला मान वळल्याचं सांगितलं. मग तिने अंबाडा सोडला. केसांखाली सगळे चट्टे, माझ्या कोपरावरच्यासारखे. "माजी मान चाळीस वर्सां अशीच आसा. मी कोणाक सांगूक नाय. तुमची लग्ना व्हायची होती."
गुरुवारी तिला डॉ. गार्गींकडे नेतेय.