मेजर कैलास (नि.)

अंबरनाथ पूर्व,
बुधवार

तीर्थस्वरूप भीमराव दाजींना धोंडिबाचा साष्टांग दंडवत.

तुमचे पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितो आहे, यावरून रागावू नका. कागद समोर घेऊन दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, कारण आजच्या काळात हाताने पत्र लिहिणारा माणूस संशयित असतो, असे टीव्हीवर सांगितले आहे. (फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शालनअक्काला सांगावे तर ती ऐकायच्या आधीच रडते.) तुमचा गुडघा कसा आहे? यंदा चामटोलीत वाल कसे धरलेत? अक्काची साखर तपासून घ्या, ती स्वतःहून जाणार नाही. माझे म्हणाल तर मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी काळा चष्मा लावायला सांगितला, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

तुमच्या शेजारी नवा बंगला बांधून राहिलेला कैलास रोज संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर दहशतवादावर बोलतो. खाली पट्टी येते, 'मेजर कैलास (नि.), दहशतवाद तज्ज्ञ'. एवढा मोठा फौजी माणूस आपल्या आळीत आला हे भाग्य, असे तुम्ही मागच्या पत्रात लिहिलेत. दाजी, तुम्ही वडीलधारे, तुमच्यासमोर मी तोंड उघडू नये. पण तो कुठला फौजी ते मला ठाऊक आहे, कारण त्याला मेजर मी केला.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लच्छूशेठच्या जीन्सच्या कारखान्यात मी बावीस वर्षे कटिंगला होतो. तिथे दोन कैलास होते. एक धुलाईला, दुसरा तयार मालाची कंबर आणि लांबी मोजायला. शेठने हाक मारली की दोघेही धावत यायचे आणि दोघेही शिव्या खायचे. मग मीच तोड काढली. धुलाईवाला तो धुलाई कैलास, आणि गळ्यात सदा मेजर टेप अडकवलेला तो मेजर कैलास. आठवड्याभरात शेठसुद्धा म्हणू लागले, "ओ मेजर, इधर आ, ये बत्तीस है के चौतीस?" (धुलाई कैलास पुढे गावी निघून गेला. तो राहिला असता तर आज टीव्हीवर काय म्हणून आला असता, या विचाराने कधीकधी झोप लागत नाही.)

मग एकदा बाजारात एक बेवारस बॅग सापडली. रिक्षा थांबल्या, शटर खाली आली, आणि चॅनेलची एक मुलगी माइक घेऊन हजर झाली. कुणी काही सांगाल का, असे ती सगळ्यांना विचारत होती. चहावाला म्हणाला, "मेजर को पूछो, वो नाप के बोलता है." मेजर पुढे झाला, एक डोळा मिटून लांबूनच बॅग पाहिली आणि सांगितले, अठरा बाय बारा, खोली नऊ, आत धातू असेल तर वीस किलो. मुलगी बघतच राहिली. बॅगेत जीन्सची पितळी बटणे निघाली, पण भरली एकोणीस किलो, तेव्हा अंदाज चुकला असे कुणाला म्हणता येईना. संध्याकाळच्या बातम्यांत पट्टी आली. पट्टीतले 'नि.' सुद्धा खोटे नाही. तो त्याच महिन्यात लच्छूशेठकडून निवृत्त झाला होता.

मी त्याचा कार्यक्रम रोज कान देऊन ऐकतो, केव्हातरी खोटे बोलताना सापडेल म्हणून. पण तो सापडत नाही. निवेदकाने विचारले, मेजर, सीमेवरचा अनुभव सांगा. हा म्हणाला, काठावरचे काम नाजूक, दोन्ही बाजूंनी अर्धा इंच सोडला नाही तर उसवते, मग कितीही टाके घाला. समोर बसलेल्या तिन्ही तज्ज्ञांनी माना डोलावल्या. शत्रूचे काय करावे, असे विचारले, तर म्हणे आधी माप घ्यावे, मग कात्री लावावी. हे वाक्य चॅनेलने चार दिवस ढोलताशा लावून दाखवले.

मागच्या सोमवारी त्याने आपल्या इमारतीतला दहशतवादी ओळखण्याच्या सात खुणा सांगितल्या. एकटा राहतो. काळा चष्मा लावतो. दिवसा पडदे ओढून घेतो. रोखीने सामान आणतो. बटणांचा साधा फोन वापरतो. हाताने पत्रे लिहितो. वेळांच्या नोंदी ठेवतो. पाचव्या खुणेला मी घाबरून टीव्ही बंद केला आणि सहावी काय असेल या धास्तीने परत लावला. दाजी, शाळेत मला सातपैकी सात कधी मिळाले नव्हते.

नोंदवही पाण्याची आहे. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते, म्हणून मी वेळ लिहून ठेवतो. आमचे सेक्रेटरी उन्मेष वहीत डोकावले आणि 'बुधवार, ५.५५, माणूस आला नाही' या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले.

"काका, कोणता माणूस?"

"व्हॉल्ववाला."

"नाव काय त्याचं?"

"नाव कुणाला माहीत, सगळे व्हॉल्ववालाच म्हणतात."

"म्हणजे टोपणनाव," असे म्हणून त्यांनी वहीचा फोटो काढला.

तेव्हापासून तळमजल्यावरची मीनल आमटीची वाटी दाराबाहेर ठेवते, बेल दाबते आणि मी कडी काढेपर्यंत दोन मजले उतरलेली असते. अक्षयला पुण्याला फोन केला तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, चष्मा काढून टाका ना." डोळा गेला तरी चालेल, पोराला कटकट नको.

घोर वेगळाच आहे. माझा अकरा महिन्यांचा करार संपत आला. सोसायटीचे ना हरकत पत्र असेल तरच मालक पुढे खोली देणार, आणि त्याचा निर्णय येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये आहे. पोलिसांचा कागद दाखवला. उन्मेष म्हणाले, "पोलिसांना कुणीही फसवेल काका, मेजरांना नाही फसवू शकत." शेवटी मी सगळे सांगून टाकले, टेप, बटणे, बत्तीस-चौतीस, सगळे. ते शांतपणे म्हणाले, "तज्ज्ञांची बदनामी करणं ही आठवी खूण. कालच सांगितली." म्हाताऱ्याला एका खोलीत राहायला सात कागद लागतात, आणि सगळ्या गावाला घाबरवायला एक पट्टी पुरते. त्या पट्टीमागचा कागद दाखवा, असे त्या चॅनेलला कुणी म्हणत नाही. तुम्ही तरी आळीत चार माणसांना खरे सांगा. आपण गप्प बसलो तर उद्या कुणीही उठून कर्नल होईल.

अक्काला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
धोंडिबा

ता. क. : मुख्य काम राहिलेच. मेजरसाहेबांनी दोन ओळी लिहून दिल्या तर जागच्या जागी ना हरकत देतो, असे उन्मेष म्हणाले आहेत. तेव्हा अक्काचे तांदळाचे पापड घेऊन शेजारी जा आणि धोंडिबा दहशतवादी नाही असा दाखला आणा. सहीखाली 'मेजर' ठळक लिहायला सांगा, 'नि.' बारीक असले तरी चालेल. आळीत खरे सांगायचे वर लिहिले आहे ते तूर्त राहू द्या.

ता. क. दुसरा : हे नाव कुणी पाडले ते धोंडिबाला आठवते का, असे त्यांनी सहज विचारले, तर म्हणा, वयामुळे त्याला आता कारखानाच आठवत नाही.

ता. क. तिसरा : उत्तर टपालाने नको, कुणाच्या तरी हाती लगेच धाडा. मीटिंग रविवारी सकाळी दहाला आहे, आणि मी कोण नाही हे मला त्याआधी लेखी मिळाले पाहिजे.