पडद्यावर ब्याऐंशी

२ मार्च १९८७
नावड्याला खोली मिळाली! निघताना आईने बुद्धवंदना म्हटली, बाबांनी ट्रंक इथवर वाहून आणली. कारखान्यातले ऑपरेटर मुख्तारभाई. पहिल्याच दिवशी चहा पाजला, चपला बाहेर काढायला लावल्या. कॉम्प्युटरच्या खोलीत नमाजाला आल्यासारखं यायचं म्हणे! एसी असा, की शाल लागते. हा कॉम्प्युटर रसायनाच्या टाकीचं तापमान बघतो, गरज पडली की थंड पाणी सोडतो. माझ्याकडे त्याचा कर्नल, म्हणजे सगळं चालवणारा गाभा. गाभ्यातच जीवघेणी चूक सापडली तर तो ‘पॅनिक’ छापतो, भोंगा वाजवतो आणि स्वतःला थांबवतो. मग माणसं हाताने पाणी सोडतात. बिघडल्या डोक्याने काम करण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. मला हे फार आवडलं.

११ मार्च
मशीन रोज थांबतंय. चूक शोधायला मला आठवडाभर हवाय. आमचे मॅनेजर नंदकिशोर साहेब वैतागलेत, थांबलं की माल वाया जातो. म्हणाले, ते थांबणंच काढून टाका ना मॅडम, टेन्शन नको. मी म्हटलं, मग ते चुकीच्या आकड्यांवर चालत राहील. ऐकलं नाही. मागे उभं राहून करून घेतलं. जुन्या कर्नलची टेप चढवली तरच थांबणं परत येईल, ती त्यांच्या कपाटात, कुलपात.

१६ मार्च
एकदाही थांबलं नाही. साहेबांनी पेढे वाटले. माझा मी शिपायाला दिला. पडद्यावर सकाळी ब्याऐंशी अंश, जेवणानंतरही ब्याऐंशी. मुख्तारभाई म्हणतात, टाकीजवळ धगीने उभं राहवत नाही.

१७ मार्च
तापमान मोजणारी वायर क्षणभर काढून बघितली. पडद्यावर ब्याऐंशीच. म्हणजे आकडा केव्हाच गोठलाय. साहेबांकडे धावले, टेप मागितली. म्हणाले, एवढा माल निघू दे.

१८ मार्च
टाकीवरचा काटा लाल पट्टीत गेलाय. मुख्तारभाईंचा खालून फोन. मी मशीनचा खटका पाडला, त्यांना म्हटलं हाताने पाणी सोडा. साहेब जागेवर नाहीत— शिपायाला पिटाळलं, सगळ्यांना गेटबाहेर काढ म्हणून— रिसीव्हर कानाला धरून लिहितेय, नाहीतर ओरडेन—

मुख्तारभाई म्हणाले, “जयमालाबाई, पाण्याचं चाक फिरत नाय. तुमी जावा.”

मी कशी जाऊ—

आता बोलत नाहीत. हाक मारली. फोनमध्ये खळखळ येतेय. सुटलं वाटतं पाणी—

नाही. पाण्याचा आवाज असा नस