उजव्या हातानं निवडलेले छर्रे

२ मार्च

काटा आज पुन्हा नाचतोय. पंखा चालू असला की ५३१ चा छर्रा ५३३ दाखवतो. महादेवीला चारदा सांगितलं, मी छर्रे तोलत असताना पंखा लावू नकोस. तिचं म्हणणं, "उकाड्यानं मेला तर तुमचे छर्रे कोण तोलणार?" बायकोला उत्तर देण्यात अर्थ नसतो. पंखा बंद केला आणि घाम पुसत बसलो.

सकाळभरात १४० झाले. घेर वाकडा असलेले अकरा बाजूला काढले. ५३० ते ५३२ मिलिग्रॅममधले ७८. त्यातले साठ लेकीच्या, राजीच्या, आजच्या सरावाला. डबीवर 'का' लिहिलं, म्हणजे काट्याचे.

सगळं डाव्या हातानं. उजवा दिवाळीतल्या अर्धांगाच्या झटक्यापासून तसाच. हलतो, पकडतो, पण कळत काही नाही. फिजिओवाली सुई टोचते, "काका, कुठं टोचलं?" मी खिडकीकडं बघून अंदाजानं सांगतो. हे अक्षरही डाव्याचं. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, बाटल्यांवरची माझी लेबलं नवे मास्तर कौतुकानं बघायचे. आता ही कोंबडीची नखं. असो.

राजीची एअर रायफल नेमबाजीची राज्य निवड २६ एप्रिल, पुणे. ज्युनिअर गटातलं शेवटचं वर्ष. यंदा झालं नाही तर पोरीची सहा वर्षांची मेहनत तिथंच संपली. शेखसर तोंडानं बोलत नाहीत, पण कोच आहेत, त्यांनाही दिसतं.

५ मार्च

काट्याचा सेल गेला. घरात दुसरा नाही, ही चूक माझीच. तेवढ्यात कुर्डुवाडीहून मेव्हण्याचा फोन, क्वार्टरच्या गळक्या टाकीची कथा अर्धा तास. फोन ठेवला तर समोर डबी भरलेली. फोमच्या साठही भोकांत छर्रे. फोन डाव्या हातात होता. म्हणजे उजव्यानं भरली. मला पत्ता नाही.

राजी घाईत तीच डबी घेऊन गेली.

संध्याकाळी घरात शिरतानाच ओरडली, "अप्पा, साठ गोळ्यांचे ६१९! आजचे छर्रे लई भारी की!" एरवी ६०८-६१० ला अडकते. मी म्हटलं, तोललेले होते ना. खोटं का बोललो?

७ मार्च

नवा सेल. उजव्याला पुन्हा डब्यात सोडलं, मी मुद्दाम पेपर वाचत बसलो. साठ भरले. मग एकेक तोलला. ५२४ पासून ५३९ पर्यंत, काही मेळ नाही. शाळेत असं वाचन कुणी आणलं असतं तर वही तोंडावर फेकली असती.

तरी दिले. डबीवर 'हा', म्हणजे हाताचे. राजी ६१८.४.

१२ मार्च

एमआयडीसीत बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये शेखसरांची रेंज. आज मी स्वतः गेलो. रायफल शिकंज्यात आवळली, म्हणजे माणसाचा संबंधच नको. 'का' चे वीस आणि 'हा' चे वीस. 'का' चे एका भोकात. 'हा' चे इकडं-तिकडं पसरले. बरं वाटलं, काटा खरा ठरला.

मग राजीला दोन्ही दिले, डबीवर काही न लिहिता. 'का' नेहमीसारखे. 'हा' चे वीसच्या वीस दहाच्या वर्तुळात. राजीला माहीत नव्हतं कुठले कुठले. दुसऱ्या एका पोराला 'हा' दिले तर त्याचे कुठंच्या कुठं.

शेखसर कागद उजेडाला धरून बराच वेळ बघत होते. "अप्पासाब, ये छर्रे रायफल के नै. छोरी के हैं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

१५ मार्च

आज पेपर बाजूला ठेवून नीट बघितलं. हात डब्यात जातो. एक छर्रा उचलतो, थांबतो, परत टाकतो. दुसरा उचलतो. काही पाच-पाच वेळा परत जातात. काय तपासतो? त्याला काही कळत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, सही-शिक्क्यासह.

मध्येच मी मूठ आवळायला सांगितलं. आवळली नाही. साठावा छर्रा बसल्यावर आवळली.

महादेवी दारात उभी राहून बघत होती, हातात पिठाची परात. "बेडा री, नको हो," म्हणाली. अक्कलकोटकडची, घाबरली की कानडीत बोलते. "माजे वडील जाताना असंच करत होते. गोधडीवरनं काय न्हाय ते वेचायचे. झाकून ठेवा तो हात." टॉवेल आणून हातावर टाकला. टॉवेलाखाली बोटं चालूच. मला त्या हाताची किळस आली, माझाच असून.

१६ मार्च

ठरवलं, आता फक्त काटा. राजी ६०७.९. जेवली नाही. "अप्पा, तुमी छर्रे बदलले का?"

उद्यापासून पुन्हा 'हा'.

२३ मार्च

हात बावन्नला थांबला. आठ भोकं रिकामी. बसून राहिलो, हात मांडीवर पडून. थकला असेल. उरलेले आठ काट्यानं भरले.

राजी लवकर आली. उन्हानं नाकातून रक्त आलं, सरांनी रिक्षात घालून पाठवली. डबीत आठ उरलेले. माझे आठ.

२९ मार्च

एकतीसला थांबला. एकोणतीस काट्याचे.

संध्याकाळी राजी चिडून, "सिलिंडरचा वॉशर गेला, सगळी हवा गेली, अर्धा सराव बुडाला." मी सहज विचारावं तसं विचारलं, किती झाल्या होत्या? "एकतीस. का?"

काही नाही म्हटलं.

दोन वाचनांवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मीच पोरांना सांगत आलो. दोनदा योगायोग होतो. होऊ शकतो.

३ एप्रिल

साठ. राजीनं साठ मारल्या. ६२०.२. आजवरचं सगळ्यात जास्त. महादेवीनं हुग्गी केली, सगळ्यांनी खाल्ली. मलाही गोड लागली.

९ एप्रिल

रोज साठ. रोज ६१८ च्या वर. आता हात थांबेपर्यंत मी भोकं मोजत असतो. पन्नास ओलांडले की जीव भांड्यात पडतो. फिजिओवाली आली होती. सुई. काही नाही.

२० एप्रिल

शेखसरांनी सराव थांबवला. स्पर्धेपर्यंत विश्रांती. म्हणजे आता निवडायचे ते फक्त पुण्याचे साठ.

नवा डबा उघडला. त्रेचाळीस.

२१ एप्रिल

त्रेचाळीस. डबा ओतून, ढवळून, दुसऱ्या डब्यातले मिसळून बघितलं. त्रेचाळीस. चव्वेचाळिसाव्या भोकाशी मीच हात ओढत नेला, बोटांत छर्रा कोंबला. बोटं उघडली, छर्रा फरशीवर.

महादेवी आतून, "काय सांडलं ओ?"

२२ एप्रिल

त्रेचाळीस.

तीन वाचनं झाली.

चव्वेचाळिसाव्याला काय होणार? वीज जाईल? पुण्यात जनरेटर असतो. रक्त? चक्कर? एवढंच असलं तर निवड गेली, पोरगी राहिली, ते सोसता येईल. पण एवढंच असेल कशावरून? हात कारण सांगत नाही, आकडा सांगतो.

मी आजारी पडायचं नाटक केलं तर ती जाणार नाही. छातीवर हात ठेवून खाली बसलो की झालं. दुपारभर हाच विचार. राजी शेजारी बसून माझ्यासाठी संत्रं सोलत होती, शिरा काढून काढून देत होती. स्वतःची लाज वाटली.

२३ एप्रिल

पहाटे सुचलं, कदाचित तिचं काही नाही. माझंच असेल. दुसरा झटका. त्रेचाळीसपर्यंत मी बघणार आणि मग खुर्चीतून कलंडणार. आवाजानं ती वळणार, स्पर्धा तिथंच संपणार. महादेवी गोधडीचं म्हणाली होती ते उगाच नव्हे.

तसं असेल तर चालेल. खरंच चालेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

मग वाटलं, मी पुण्याला गेलोच नाही तर? घरी कलंडलो तर तिला कळणार नाही, साठ पुऱ्या होतील. पण तिचंच असेल आणि मी इथं सोलापुरात पंख्याखाली बसलेला असेन, तर? नाही. जायचं.

२४ एप्रिल

सांगितलं. सगळं. 'का', 'हा', बावन्न, एकतीस.

आधी हसली. मग हसायची थांबली. "नाकातनं रक्त आलं त्या दिवशी तुमाला सकाळीच माहीत होतं?"

माहीत नव्हतं, शंका... असं काहीतरी बोललो.

"आन् पुण्याचं किती?"

त्रेचाळीस.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला, तो बोळ संपेपर्यंत ऐकू येत होता. मग डबा ओढला स्वतःकडं. "अप्पा, तुमचा हात थांबला म्हणून मी थांबू व्हय?"

उरलेले सतरा तिनंच घेतले. काटा नको, माझा हात नको. नीट बघितलंसुद्धा नाही, वरचेवर उचलले आणि वेगळ्या डबीत टाकले. त्यातला एक वाकड्या घेराचा होता. तो मात्र बदलायला लावला, तेवढं तरी.

आईला सांगू नका म्हणाली. तिच्या आईला कधीचं माहीत आहे, चेहऱ्यावरून दिसतं.

२५ एप्रिल, पुणे

गाडी वेळेत. लॉजवर उतरलो. राजी नऊलाच झोपली, मी नाही.

हात दिवसभर शांत. डबा समोर ठेवून बघितला, बोट हललं नाही.

२६ एप्रिल, हॉलमध्ये

काचेमागं खुर्च्या. महादेवी माझ्या उजव्या बाजूला. राजी सातव्या लेनवर, पाठमोरी. वरच्या पडद्यावर आकडे येतात. काही करता येत नाही म्हणून लिहितोय.

पहिल्या दहा १०४.१. विसाव्याला चौथी. तिसाव्याला दुसरी. शेखसर हाताची घडी घालून उभे, पापणी हलत नाही.

३५. पाणी प्यायली. मान इकडं-तिकडं केली. बरी दिसते. मीही बरा आहे. जीभ जड नाही, तोंड वाकडं नाही, मोबाईलमध्ये बघितलं.

४० वी १०.५.

४१ वी १०.३.

४२ वी १०.७.

महादेवीनं माझा उजवा हात कधीपासून दोन्ही हातांत आवळून धरलाय. म्हटलं, सोड जरा, तुझ्या हाताला घाम आलाय.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुमाला कळालं?"

कळालं. ओलं आहे. गरम आहे. तिच्या बांगडीची कड मनगटाला रुततेय, दुखतंय. मी बोटं हलवली, सांगितल्याबरोबर हलली.

४३ वी १०.४. राजी पहिली.

रायफल स्टँडवर टेकवून तिनं दुसरी डबी उघडली. इथवर हाताला माहीत होतं. आता तो माझा आहे, आणि त्याला काही माहीत नाही. मलाही नाही. महादेवी रडतेय, हात सोडत नाही.

राजीनं छर्रा घातला. रायफल उचलली. गाल टेकवला.

अजून उडवलेली नाही.