बतूलचा घुमट

फेझ, ६ फेब्रुवारी २००६

आलेलं — साखर, कोळसा आणि लियाँहून लेकीचं, बतूलचं, पार्सल! जकात ऐंशी दिरहम. महिन्याचं तेल गेलं. असो.

आत पांढरा घुमट, डाळिंबाएवढा. गणित मांडून दिलं की यंत्र भुकटीचे थर रचत जातं, असं ती लिहिते. कोनाड्यात कोनाडे, त्या प्रत्येकात पुन्हा अख्खा घुमट, त्यातही तोच. खिडकीशी धरला तर उजेड आत आत जातो आणि परत यायचं विसरतो. सुभानल्लाह.

चिठ्ठीच्या शेवटी एवढंच — अब्बांना दाखव, ते काय म्हणतात तेवढंच मला हवंय.

दाखवू काय! ह्यांनी जन्मभर मशिदींचे घुमट असेच चुन्याच्या कोनाड्यांनी भरले. ईदपासून दृष्टीच नाही. बतूलला कळवणार नाही, अशी अल्लाहची शपथ घातलीय मला.

७ फेब्रुवारी

शेजारची लल्ला ज़ुबैदा डोकावली. म्हणे, "एवढं शिकून पोरीनं मधाचं पोळंच केलं होय? माश्या फुकट करतात गं." हसले. ती गेल्यावर रडले.

९ फेब्रुवारी

ह्यांना सांगायला बसले. प्रत्येक कोनाड्यापाशी शब्द संपतात, आणि पुढे घुमट असतोच. हे म्हणाले, "पुरे. तुझ्या डोळ्यांनी माझं पोट भरत नाही."

१०, शुक्रवार

मशिदीतून आले तर हे हौदाशी बसलेले. मांडीवर पांढरा चिखल.

चुन्याचं काम झालं की आपल्याकडे काळ्या साबणाने घासून पक्कं करतात. ह्यांना वाटलं, पोरीनं शेवटचा हात बापासाठी राखून ठेवला! साबणाच्या पाण्यात ती भुकटी पिठासारखी गळाली. कळत होतं म्हणे, पण आत कुठेतरी टणक लागेल म्हणून हात थांबेना.

"पोरीचं काम खाल्लं मी." एवढंच बोलले.

१३ फेब्रुवारी

जेवत नाहीत. बतूलचा फोन. अब्बांना आवडला म्हटलं. कुठला भाग, विचारते. खोटं बोलायलाही ह्यांची नजर हवी! आवाज येत नाही असं सांगून ठेवून दिला.

१५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, दृष्टी परत येईल अशी आशा आता धरू नका.

१७, शुक्रवार

पहाटेच्या नमाजानंतर ह्यांनी कागद घ्यायला लावला. शपथेचं काय, विचारलं. म्हणाले, मोडू, प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना जेवू घालू. मग सांगत गेले, मी लिहीत गेले —

"बतूल, मी आंधळा झालोय. तुझा घुमट माझ्या हातून विरघळला. पण विरघळताना बोटं आत आत गेली, तेव्हा मला तो दिसला. दुसरा कर, पाण्याला टिकेल असा, कोनाडे माझ्या बोटांएवढे. स्वतः घेऊन ये. कधी निघतेस ते उलट टपाली कळव."