मतदारसंघ नसलेले साहेब

तुंगार्ली, लोणावळा
१४ जानेवारी १९६८

आदरणीय भिमाजीभाऊंना धाकटा मावसभाऊ सोपान याचा जयभीम.

तुमच्या कृपेने इकडे सारे बरे आहे. तुमच्या भावजयीचा खोकला गेला. तो आता मला लागला आहे, म्हणजे घरातच आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे? आईने त्यांच्यासाठी निरगुडीचा पाला काढून ठेवला होता, पण ओला पाला पोस्टात घेत नाहीत. (मी विचारून आलो. बाबू हसला.)

मी ज्या बंगल्याची राखण करतो त्याचे मालक विजयकरसाहेब म्हणजे तुमच्याच भागाचे खासदार, हे तुम्हांला ठाऊक आहे. आता माजी म्हणायचे. गेल्या निवडणुकीआधी नवी आखणी झाली आणि तुमचा तो मुंबईतला गोदीपासून बाजारापर्यंतचा मतदारसंघच नकाशावरून गेला. अर्धा उत्तरेच्या शेजाऱ्याला, अर्धा दक्षिणेच्या. साहेब हरले नाहीत, भाऊ. त्यांना हरायला जागाच उरली नाही. बाईसाहेब तर आधीच वारलेल्या. मग साहेब कायमचे इकडे राहायला आले, आणि पहिल्याच सकाळी बंद गळ्याचा कोट घालून व्हरांड्यात बसले. समोर दोन रिकाम्या खुर्च्या. मला वाटले कोणी पाहुणे यायचे असतील. आठ दिवसांनी समजले, की ही लोकांना भेटायची वेळ. पंधरा वर्षांची सवय, ती सुटेना.

लोक येत नसत, तेव्हा झाडांना पाणी घालणारा मीच हाताशी सापडे. मतदारसंघाचा सगळा इतिहास मला त्या पाण्याबरोबर मिळाला आहे. बावन्न साली साहेब छत्री या निशाणीवर उभे होते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे, वर त्याच्या निशाणीचे चित्र. एका म्हातारीने साहेबांच्या पेटीवर आपली मोडकी छत्री ठेवली आणि दुरुस्त होऊन कधी मिळेल, असे अधिकाऱ्याला विचारले. साहेबांना हे कळल्यावर त्यांनी खरेच नव्या काड्या घालून ती घरपोच केली. म्हातारीने उघडून पाहिली आणि कापड का बदलले नाही म्हणून झापले. हे सांगताना साहेब हसतात आणि मग बराच वेळ रस्त्याकडे बघत राहतात. ते मला बघवेना.

म्हणून मी ठाकरवाडीच्या गंगीला तक्रार घेऊन आणले. तिच्या वाडीची विहीर आटली होती, तक्रार अगदी खरी होती. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारले, मतदार कुठल्या? ती म्हणाली, "हितल्याच." साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बाई, हा दुसऱ्या सभासदाचा भाग. त्यांच्या भागात मी लुडबूड केली तर बरं दिसणार नाही." गंगी चहा पिऊन गेली. जाताना मला जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

मग मी नवसूला तयार केले. नवसू तिच्याच वाडीचा, लाकडे फोडायला आमच्याकडे येतो. त्याला माझी विजार घातली आणि पढवले, की तू मुंबईचा, भाऊंच्या तिसऱ्या गल्लीचा. तक्रार काय सांगायची हे पढवायचे मात्र राहून गेले. (इतकी अक्कल असती तर मी राखणदार झालो नसतो.) साहेबांनी विचारल्याबरोबर नवसूने मनातले सांगितले, "सायेब, आमच्या गल्लीत बिबट्या येतो. लय कोंबड्या नेल्या."

मी पाण्याची झारी घेऊन गुलाबामागे बसलो. साहेब उठले आणि म्हणाले, "तिथं लहान पोरं रस्त्यावर झोपतात. मला गेलं पाहिजे." छाती कमजोर म्हणून डॉक्टरांनी घाट उतरायची मनाई केलेली. पण ऐकतात कुठे. कोट होताच अंगावर. टोपी घातली आणि निघाले. मी मागे, विजार सावरत नवसू माझ्या मागे. स्टेशनावर तिकीट काढले. गाडी दिसू लागली तसा नवसू पुढे झाला आणि साहेबांच्या पायाशीच बसला. "सायेब, बिबट्या हितलाच हाय. मी मुंबई बघितलेली न्हाई."

गाडी आली नि गेली. साहेब बाकावर बसून राहिले. मी मान खाली घालून उभा. दुसऱ्या दिवशी ते व्हरांड्यात आले नाहीत. मी दार वाजवले तर आतून कडी. मला वाटले, माझ्या हुशारीने माणूस गमावला.

तिसऱ्या दिवशी साहेब काठी घेऊन बाहेर आले. कोट नव्हता, साधा सदरा. म्हणाले, "सोपान, मतदारसंघ नसलेल्या माणसाला कुठेही जाता येतं. ठाकरवाडीचा रस्ता दाखव." वाडीत त्यांनी खुराडी पाहिली, विहिरीत वाकून पाहिले आणि गंगीकडून राहिलेले दोन शब्द ऐकून घेतले. जंगलखात्याला त्यांनी अशी पत्रे लिहिली, की महिन्याभरात पिंजरा आला. (बिबट्या अजून सापडला नाही. कुसगावचा एक कुत्रा दोनदा सापडला.) विहिरीचा गाळ काढायचे काम लागले आहे. आता खुर्च्या पुरत नाहीत. परंदवडीहूनसुद्धा लोक येतात, आणि मी चहा करून करून वाकलो आहे.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
सोपान

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. इतके लोक येतात तरी संध्याकाळी साहेब तुमच्या गल्लीचेच बोलतात. तुम्ही दोन दिवस या. तिकडची एखादी तक्रार आणा, जुनी चालेल. तुम्ही त्यांना तिन्ही वेळा मत दिले नाही, हे मात्र बोलू नका. मी पत्र लिहिले हेही नको.

ता. क. दुसरा. तुमच्या चाळीचा पत्ता नीट आठवेना म्हणून साहेबांनाच विचारला. त्यांनी पत्र मागून वाचले. म्हणाले, मत न देणाऱ्यांचे काम आपण आधी करायचो, ते जास्त ओरडतात. पाकिटावरचा पत्ता त्यांच्याच हातचा आहे. आणि लिहायला सांगितले आहे, की तक्रार नसली तरी या.