न्हाणीच्या पाण्यावरचा मांडव

॥ ॐ नमः शिवाय ॥
युसूफ वडगाव
४ फेब्रुवारी २०२४

ती. अण्णांस, धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिते. आमचा बोअर दिवाळीतच आटला. आता आठवड्याला टँकर येतो, तेवढंच पाणी. रवीचा पुण्याहून फोन आला की आई, वडगावात आता काय राहिलंय, घर विकू, तू आमच्याकडे ये. भगवानराव कापसाच्या गोदामासाठी जागा मागतायत म्हणे. पोरगा वाईट नाही, माझी काळजीच करतो. पण अण्णा, हे घर मी आणि ह्यांनी मिळून उभं केलं, आणि ह्यांच्यामागे मी एकटीने राखलं. मी रवीला सांगितलं की अक्षय तृतीयेपर्यंत थांब. तेव्हा अंगण हिरवं असलं तर मी इथेच राहीन. वाळलेलं असलं तर निमूट तुझ्या गाडीत बसेन.

आणि काल मी त्याने हौसेने लावलेलं लॉन उपटून टाकलं. टँकरचं निम्मं पाणी तेच पीत होतं. न्हाणीचं पाणी गटारात जायचं, ते आता दगड, खडी आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळून अंगणात वळवलंय. खड्ड्याच्या कडेला कर्दळ आहे. कढीपत्ता, लिंबू, सीताफळ लावलं. दारापुढे मांडव घालून त्यावर दोडका चढवणार आहे. कुंभाराकडून साधी मडकी आणली. ती रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायची, पाणी भरून झाकायची. मडकं हळूहळू पाझरतं आणि मूळ हवं तेवढं पितं.

हसू नका. माझ्यावरची माया एवढा उन्हाळाभर तरी ओली ठेवा.

तुमची,
मल्लम्मा


तेलगाव
१२ फेब्रुवारी २०२४

चि. मल्लम्मास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग रागावलो. जन्मभर किराणा दुकान चालवलं, पण पाझरणारं मडकं विकलं असतं तर गिऱ्हाइकाने माझ्याच डोक्यात फोडलं असतं. पोरगा मानाने न्यायला तयार आहे आणि तू या वयात खड्डे कशापायी खणतेस? तुझी वहिनी असती तर तिने तुझीच बाजू घेतली असती. मी घेत नाही. तू एकटी आजारी पडलीस तर मला कळायलाही आठवडा लागेल, हे ध्यानात आहे ना?

गुडघ्यांना जप. राग धरू नकोस, धरलास तरी उत्तर लिही.

तुझा,
मन्मथप्पा


युसूफ वडगाव
१८ मार्च २०२४

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

राग धरला होता, पण आता काम पडलं म्हणून सोडला. वेल मांडवावर चांगला चढला होता. गेल्या आठवड्यापासून पानांच्या कडा जळाल्यागत झाल्यात आणि माती वरून पांढरी दिसतेय. शेजारची संगीता म्हणते की मावशी, ऊन लई हाय, दुसरं काय न्हाई. मला पटत नाही. ऊन सगळ्यांनाच आहे, पण पाण्याच्या तोंडाशी असलेली झाडंच करपतायत. मडक्यांजवळची सीताफळं ताजीतवानी आहेत. कपडे धुतलेलं पाणीही मी त्याच खड्ड्यात सोडते. तुम्ही जन्मभर साबण-सोडा विकला, तुम्हीच सांगा.

काल भगवानराव टेप घेऊन अंगण मोजायला आले. वेल बघून म्हणाले की वहिनी, हे तर आताच वाळलं. मी त्यांना चहा दिला आणि टेप गुंडाळून खिशात ठेवायला सांगितलं. त्यांच्यासमोर डगमगले नाही. पण ते गेल्यावर त्या वेलाजवळ बसून रडले, हे फक्त तुम्हाला सांगते.

लवकर लिहा. उशीर केलात तरी तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

तुमची,
मल्लम्मा


तेलगाव
२३ मार्च २०२४

चि. मल्लम्मास अनेक उत्तम आशीर्वाद.

बाई गं, धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. तो मातीत साचतो आणि मुळं जाळतो. पावडरीचं पाणी वेगळं काढ, ते संडास धुवायला वापर. झाडांना फक्त अंघोळीचं आणि शेवटच्या खळबळण्याचं पाणी दे. जळलेले शेंडे खूड आणि यावेळी टँकरच्या गोड्या पाण्यातलं थोडं देऊन माती धुऊन काढ.

आमच्या गल्लीतला धोंडीराम तुझ्याकडे केजला टेम्पो घेऊन निघालाय. त्याच्याबरोबर उसाचं पाचट धाडलंय. झाडांच्या बुडाशी वीतभर जाड पसर, माती तापणार नाही आणि ओल टिकेल. मी तुझ्या बाजूला आलो असं समजू नकोस. त्या माणसाने माझ्या बहिणीच्या दारात टेप लावली, एवढंच.

लोभ आहेच, तो न सांगता धरून चाल.

तुझा,
मन्मथप्पा


युसूफ वडगाव
१५ मे २०२४

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

रवी आणि सूनबाई रुचिका अक्षय तृतीयेला आले. लॉन दिसलं नाही तसा रवी फाटकातच थबकला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. दुपारी वीज गेली, घरात बसवेना, तेव्हा त्याने आपणहून बाज मांडवाखाली ओढली. वर दोडके लोंबत होते. जेवणात त्यांचीच भाजी होती. त्याने विचारलं की टँकरचं किती पाणी लागतं याला. मी म्हटलं की मडक्यांपुरतं, बाकी तू सकाळी केलेली अंघोळ आहे. तो उठला, खड्ड्यापाशी गेला, कर्दळीतून पाणी कुठून कुठे जातं ते वाकून बघत बसला. मग माझ्यासमोरच भगवानरावांना फोन लावून सांगितलं की घर विकायचं नाही. मला म्हणाला की आई, तुला न विचारता बोलणी केली, चुकलं माझं.

निघायच्या आधी रुचिका स्वयंपाकघरात आली. तिला दिवस गेलेत, अण्णा! अन्न टिकत नाही, रवी दिवसभर कामावर. तिला आई नाही. हळूच विचारलं की आई, थोडे दिवस याल का, मग मी स्वतः आणून सोडते. नेते म्हणाली असती तर मी हटून बसले असते. तिने विचारलं, म्हणून मी हो म्हटलं.

आता तुम्ही इथे येऊन राहा. मडकी तिसऱ्या दिवशी भरली तरी चालतं, आणि अंघोळ तर तुम्ही रोज करताच, असं समजते. किल्ली संगीताकडे आहे.

या. नाही म्हणालात तर माया कमी झाली असं धरेन.

तुमची,
मल्लम्मा


युसूफ वडगाव
४ जून २०२४

चि. मल्लम्मास अनेक उत्तम आशीर्वाद. सौ. रुचिकास विशेष आशीर्वाद.

तिच्या पोटात वरणभात टिकू लागला हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे. लिंबाला नवी पालवी आहे. कर्दळ एवढी माजली की थोडी काढून वाटली. बायका येतात, काही ना काही मागतात. मला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी सगळ्यांना हो म्हणतो. त्यापायी कुंपणालगतची निम्मी कोरफड गेली आहे, आल्यावर ओरडू नकोस. भगवानरावही आले होते. मला वाटलं पुन्हा टेप काढतात. तर त्यांना त्यांच्या घरी असाच खड्डा करायचाय. तासभर बसवून समजावलं आणि पावडरीचं सांगायला विसरलो नाही.

एक सांगायचं राहिलं. तुझी वहिनी गेल्यापासून तेलगावच्या घरात मी जेवायला तेवढा ताटावर बसायचो, बाकी दिवस कसा जायचा ते आठवत नाही. इथे सकाळी उठलो की बादली हातात येते. मांडवाखाली कुणी ना कुणी बसलेलं असतं.

तू सुनेकडे हवं तितकं राहा, घाई नाही. पण तू आलीस तरी मी जाणार नाही. माझी कपड्यांची पेटी तेलगावहून मागवली, ती मागच्या खोलीत ठेवली आहे. बाहेर काढायची असेल तर तूच येऊन काढ.

तुझा,
मन्मथप्पा